आधी मनातले, मग यादीतले

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला नागपुरात पहिला प्रश्न विचारतात तो, ‘‘किती देश केले?’’ असा. चार धाम करावेत, अष्टविनायक करावेत, तसे देशही ‘करायचे’ असतात. आम्ही २०२५ च्या जून महिन्यात, मुलीची शाळा उघडायच्या आत, लंडन आणि पॅरिस ही दोनच शहरे आठ दिवसांत पाहून आलो. ‘‘बस, दोनच?’’ असे म्हणत शेजाऱ्यांनी आमच्याकडे जरा दयेनेच पाहिले. खरे सांगायचे तर या दोन शहरांत आम्ही ज्या चुका केल्या, त्या दहा देशांना पुरल्या असत्या. त्यांचीच ही हकीकत. पुढच्या उन्हाळ्याची तयारी करणाऱ्या एखाद्या घराला तिचा उपयोग व्हावा.

आम्ही चौघे होतो. मी, सौ., आठवीतली मुलगी आणि माझे वडील. त्यांना घरात सगळे ‘भाऊ’ म्हणतात. वय पंचाहत्तर, रेल्वेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, पण जिद्द कायम. मुलीला आयफेल टॉवर हवा होता, सौ.ला राजवाडे. भाऊंना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘जमलं तर बाबासाहेबांचं घर दाखवजो.’’

हे घर लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, १० किंग हेन्रीज रोडवर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा भाऊ सहा वर्षांचे होते. उमरेडकडच्या गावाहून बंडीने आलेल्या आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो दिवस पाहिला. त्यामुळे या ‘जमलं तर’मध्ये किती वर्षे साठलेली होती, हे मला कळायला हवे होते. पण कार्यक्रम आखताना मी ते घर ‘वेळ उरल्यास’ या रकान्यात टाकले. पहिली चूक ती.

एक शिलिंगची सहल

माणसांचा घोळका जमवून, भाडे ठरवून, सोबत माहीतगार घेऊन फिरायला नेण्याची पद्धत तशी जुनी. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. निमित्त होते दारूबंदीच्या सभेचे! आपल्याकडे केसरी टूर्सची सुरुवात १९८४ ची, वीणा वर्ल्डची २०१३ ची. मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि परदेशात गरम वरण-भात, या दोन गोष्टींनी किती आजी-आजोबांचे समुद्रापलीकडचे भय घालवले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. ज्यांना विमानतळ, सामान, जेवण यांची काळजी नको, त्यांच्यासाठी अशी संपूर्ण सहल आजही उत्तमच.

आम्ही मधला मार्ग धरला. राहणे आणि प्रवास आपला आपण ठरवायचा आणि त्या त्या शहरात एकेका दिवसाच्या सहली वेगळ्या विकत घ्यायच्या. इथेच खरी परीक्षा असते. घरबसल्या संगणकावर एका शहरासाठी शेकडो सहली दिसतात. प्रत्येक ‘अविस्मरणीय’, प्रत्येकीच्या मोजक्याच जागा शिल्लक! भाजीबाजारात चार वांगी उलटीपालटी करून घेणारे आपण, इथे मात्र चित्र पाहून पैसे भरतो.

बारा तासांतले सहा

आम्ही घेतली ती विंडसरचा राजवाडा, स्टोनहेंज आणि बाथ अशी एका दिवसाची सहल. एका पैशात तीन ठिकाणे! सकाळी आठला निघालो, रात्री आठला परतलो. त्या बारा तासांतले जवळजवळ सहा तास बसमध्ये गेले. स्टोनहेंज लंडनपासून सुमारे १४० किलोमीटर, बाथ त्याच्याही पुढे. प्रत्येक ठिकाणी वाट्याला आला दीड तास. त्यातून रांग, स्वच्छतागृह आणि बसकडे परतण्याची धावपळ वजा करा. राजवाड्यात सौ. एका दालनात रमली, तर सहलप्रमुखाने घड्याळ दाखवले. बाथमध्ये रोमन लोकांची स्नानगृहे आम्ही आत न जाताच पाहिली, कारण ‘प्रवेशशुल्क वेगळे’ ही ओळ पत्रकात सर्वांत खाली, सर्वांत बारीक अक्षरांत होती.

स्टोनहेंजची ती चार-पाच हजार वर्षांपूर्वीची शिळांची वर्तुळे दोरीच्या अलीकडून बघताना भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘हे गोटे पाहाले आपण एवढ्या दूर आलो का बे? असे गोटे तं आपल्या जुनापाणीले बी हायेत. तिथं कधी नेलं का तू मले?’’

मी हसलो, पण मनाला ते लागले. काटोल रस्त्यावरचे जुनापाणी नागपूरपासून जेमतेम दहा किलोमीटर. तिथे लोहयुगातली सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती खणून पाहिली होती. एवढी वर्षे नागपुरात काढून मी तिकडे फिरकलो नव्हतो.

कुलूप

दुसऱ्या दिवशी भाऊंचे पाय सुजले. तरी टॉवर ऑफ लंडनची तिकिटे काढलेली, म्हणून तिथे गेलो. मग नातेवाइकांसाठी खरेदी. किंग हेन्रीज रोडवर पोहोचलो तेव्हा बघण्याची वेळ संपून दाराला कुलूप लागले होते. दोष सर्वस्वी आमचा. लंडनचा मुक्काम संपत आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅरिसची गाडी होती आणि सकाळसाठी शहर दाखवणाऱ्या बसची आणि बोटीची तिकिटे काढलेली होती. पैसे परत मिळणार नव्हते.

भिंतीवरच्या निळ्या फलकाखाली उभे राहून भाऊंनी हात जोडले. ‘‘असू दे,’’ ते म्हणाले, ‘‘बाहेरून तं पाह्यलं.’’

रात्री सौ. मला म्हणाली, ‘‘बोटीचे पैसे बुडाले तर बुडू द्या. उद्या सकाळी परत तिथेच जायचं.’’ आणि गेलो. चॉक फार्म स्टेशनवर उतरून, भाऊंच्या चालीने, वाटेत दोनदा थांबत.

आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे. घर मोठे नाही. ज्याला घाई आहे त्याचे वीस मिनिटांत बघून होईल. आम्ही दोन तास होतो. भाऊ प्रत्येक चौकटीपुढे थांबून वाचत होते. शेवटी त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि छप्पन सालचा तो दिवस सांगितला. म्हणाले, ‘‘तेव्हा मले काही दिसलं नव्हतं बाई. नुसती पांढऱ्या कपड्यायची गर्दी. आज दिसलं.’’

आठ दिवसांच्या सहलीत ज्याच्यासाठी कुणीही तिकीट विकले नव्हते, तेच आम्हाला सर्वांत जास्त देऊन गेले.

पॅरिसमध्ये शहाणपण

पॅरिसमध्ये आम्ही दिवसाला एकच ठरलेला कार्यक्रम ठेवला. व्हर्सायचा राजवाडा शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथे सहलीच्या बसऐवजी लोकल गाडीने गेलो. त्यामुळे राहिलेली सगळी हौस सौ.ने बागेत बसून फेडून घेतली. लूव्हर संग्रहालयासाठी मात्र दोन तासांचा स्वतंत्र मार्गदर्शक घेतला. फ्रान्समध्ये संग्रहालयात माहिती सांगण्यासाठी सरकारी ओळखपत्र असलेले मार्गदर्शक असतात. आमच्या बाईंनी आधी आम्हालाच विचारले, ‘‘तुम्हाला कशाची आवड?’’ भाऊ इंग्रजीत म्हणाले, ‘‘लॉ.’’ बाई हसल्या आणि आम्हाला थेट हम्मुराबीच्या शिलालेखापुढे घेऊन गेल्या. सव्वादोन मीटर उंचीचा काळा पाषाण, त्यावर पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे कायदे कोरलेले. त्या कायद्यात वरच्या वर्गातल्या माणसाच्या डोळ्याची किंमत वेगळी आणि गुलामाच्या डोळ्याची वेगळी, हे त्यांनी सांगितले तेव्हा भाऊंनी नातीकडे पाहिले. राज्यघटनेवर त्या दोघांची चर्चा पुढे आयफेल टॉवरच्या रांगेतही चालू होती. मोनालिसा आम्ही गर्दीच्या डोक्यांवरून पाहिली. अडीच फूट उंचीचे ते चित्र, त्याला इलाज नाही.

निवड कशी करावी?

या सगळ्यातून जे शिकलो ते थोडक्यात असे. सहलीत ठिकाणे किती, हे मोजू नका. पायावर उभे राहून बघण्याचे तास किती, ते मोजा. पत्रकातले शब्द नीट वाचा: ‘प्रवेशासह’, ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘छायाचित्रासाठी थांबा’ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गटात माणसे किती, चालणे किती, जिने किती, हे घरात वडीलधारे असतील तर आधी विचारा. पैसे परत मिळण्याची मुदत पाहा. एक दिवस आधीपर्यंत रद्द करता येणारी सहल थोडी महाग पडली तरी चालेल.

सुट्टीचे वार जपा. लूव्हर मंगळवारी बंद असते, व्हर्साय आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. रोमला जाणार असाल तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. जे फुकट आहे त्याचे पैसे देऊ नका. ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना शुल्क नाही. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाममध्येही प्रवेशाला पैसे लागत नाहीत. ‘मोफत’ म्हणून निघणाऱ्या पायी सहलीत मात्र शेवटी मार्गदर्शकाच्या हातावर काही ठेवायचे असते, कारण त्याचे घर त्यावरच चालते.

जिथे दगड मुके आहेत तिथे मार्गदर्शक घ्यावा. जिथे नदी, बाग, बाजार आपणच बोलतात तिथे नको. आणि यादी करायला बसण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी आणि ती पहिल्या दोन दिवसांत उरकावी. ‘जमलं तर’ म्हणणाऱ्याची तर सर्वांत आधी. आपल्या घरातली मोठी माणसे हट्ट करत नाहीत. ती ‘जमलं तर’ म्हणतात.

परतल्यावर जुलैतल्या एका रविवारी आम्ही चौघे जुनापाणीला गेलो. पाऊस पडून गेला होता, शिळांभोवती गवत वाढले होते, आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हते. काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. मुलगी ते बोट फिरवून मोजत बसली. घड्याळ दाखवणारे कुणी नव्हते. भाऊ एका कडेला रुमाल अंथरून बसले आणि डब्यातले पोहे उघडत म्हणाले, ‘‘आता कसं बरोबर झालं.’’