शेवटच्या ओव्हरला बॉल कोणाच्या हातात द्यायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘भरवशाचा दुकानदार’ हा विषय घेतला. त्यातला एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे नीट मांडतो.

अमेरिकेत बेसबॉल हा नऊ डावांचा खेळ. सुरुवातीचा पिचर दमला किंवा मार खायला लागला की दुसरा येतो. त्याला म्हणतात रिलीफ पिचर. म्हणजे हा माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं, आणि बिघडवलेलं दुसऱ्यानेच असतं! तरी निस्तरायचं यानेच.

आपल्याकडे हे काम कोणी केलं? लांब जायला नको. आपल्या कोपरगावातून दौंड-मनमाड लाइनवर थोडं खाली गेलं की श्रीरामपूर. तिथला झहीर खान. तो नवा बॉल टाकायचा हे सगळ्यांना माहीत आहे, पण लोकांच्या मनात तो बसला जुन्या बॉलमुळे.

बंगळुरू, 27 फेब्रुवारी 2011

वर्ल्ड कप. इंग्लंडपुढे 339 चं टार्गेट. स्कोअर 280, आणि आउट फक्त दोन. स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. मॅच गेल्यात जमा होती. धोनीने बॉल झहीरकडे दिला. लागोपाठ दोन बॉलवर बेल आणि स्ट्रॉस गेले, थोड्या वेळाने कॉलिंगवूडची दांडी. 280 ला दोनचे 285 ला पाच! मॅच जिंकलो नाही, टाय झाली. पण हातातून गेलेलं अर्धं परत आणणं हेसुद्धा मोठं काम असतं.

आता बघा, भरवसा कशाने बसतो? मला तीन गोष्टी दिसतात.

1. दुसऱ्याचा घोळ आपला मानून उचलणे

समजा लग्नसराई आहे. उद्या हळद, आणि केटरिंगवाल्याने आज दुपारी हात वर केले. घरचे लोक तुमच्याकडे येतात. तुम्ही आधी काय बोलता? “त्याला कशाला दिलं होतं? आधीच माझ्याकडे यायचं ना!” हे वाक्य गिळा. ते आधीच घाबरलेले आहेत. किती माणसं, किती वाजता, कुठे, एवढंच विचारा. आणि जमणार नसेल तर तिथल्या तिथे स्पष्ट “नाही” सांगा, म्हणजे त्यांना दुसरीकडे जायला वेळ मिळेल. वेळेवर दिलेला नकारसुद्धा भरवसाच असतो.

2. एक हुकमी एक्का

न्यूयॉर्क यांकीज टीमचा मारियानो रिवेरा हा 652 सेव्ह नावावर असलेला रिलीफ पिचर. तो मुख्यतः एकच बॉल टाकायचा, कटर. समोरच्याला माहीत असायचं काय येणार, तरी मारता यायचं नाही.

झहीरने 2011 मध्ये नकल बॉल आणला. हाताची ठेवण जोरात टाकल्यासारखी, पण बॉल येतो हळू. गंमत म्हणजे ही युक्ती मूळची बेसबॉलची! पण ती आणली कधी? स्विंग आणि यॉर्कर पक्के झाल्यावर. तुम्ही दुकानात दहा नव्या वस्तू ठेवण्याआधी एक गोष्ट अशी करा की लोक डोळे झाकून येतील. “पीठ दळायचं तर तिथेच”, “ब्लाउज तिनेच शिवावा”, असं.

3. आपटल्यानंतरचा दिवस

23 मार्च 2003, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कप फायनल. झहीरची पहिलीच ओव्हर 15 रनांची. शेवटी 7 ओव्हरमध्ये 67, विकेट शून्य. पुढे टीमबाहेरही जावं लागलं. 2006 ला इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, गोलंदाजी घासून काढली, टीममध्ये परत आला. आणि 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर? पहिल्या पाच ओव्हर, तीन मेडन, 6 रन, एक विकेट. त्याच दिवशी शेवटी मात्र मार बसला, दहा ओव्हरचे 60 झाले. रिवेराही 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना हरला होता. तरी पुढच्या वर्षीही शेवटाला बॉल त्याच्याच हातात.

म्हणजे कधीच न चुकणारा माणूस भरवशाचा, असं नाही. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शटर उघडणारा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देणारा भरवशाचा. माल खराब गेला? त्याने फोन करायच्या आधी तुम्ही करा.

मोबाईलवरच्या ॲपशी आपण भावात लढू शकत नाही, स्पष्ट बोलतो. त्यांच्याएवढी सूट द्यायला गेलो तर भांडवल संपेल. आपल्याकडे लढायला हीच एक जागा आहे: अडचणीच्या वेळी आधी आपलं नाव आठवणे.

या आठवड्याचा गृहपाठ

काउंटरवर एक वही ठेवा. “माझ्या कामाचं कुठपर्यंत आलं?” असा गिऱ्हाइकाचा फोन आला की एक रेघ मारा. पंधरा दिवस. विकेट मोजतात तशा या रेघा मोजा. जितक्या रेघा, तितक्या वेळा कोणालातरी तुमच्यावर शंका आली. पुढच्या पंधरवड्यात त्या निम्म्या करायच्या. त्यासाठी एकच करा: त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही कळवा.

रेघा किती झाल्या ते कमेंटमध्ये लिहा. खरा आकडा लिहा बरं का!