कानात कुजबुज आणि शंभरातून सात

दोन मित्रांना घेऊन एक खेळ करून पाहा. एकाने डॉक्टर व्हावे, दुसऱ्याने रोगी आणि तिसऱ्याने नुसता 'आवाज'. डॉक्टरने रोग्यास सांगावे, "शंभरातून सात वजा करीत जा." त्याच वेळी 'आवाजा'ने कागदाच्या नळीतून रोग्याच्या कानात एखादा धडा वाचत राहावे. 93, 86, 79... आणि गाडी अडते!

असे का व्हावे? 1953 साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने काही लोकांच्या दोन कानांत दोन निरनिराळे उतारे ऐकविले. एका कानातील उतारा मोठ्याने म्हणत जाताना दुसऱ्या कानातील मजकूर त्यांना समजेना. ध्वनिलहरी दोन्ही कानांत पोचत होत्या. अपुरे पडत होते ते अवधान. मात्र नको असलेल्या उताऱ्यात स्वतःचे नाव आले, तर कित्येकांचे लक्ष तिकडे जाई, असे 1959 साली नेव्हिल मोरे यांना आढळले.

आता कल्पना करा, की ती कुजबुज तुमच्याच विषयी आहे आणि तुमची निंदा करीत आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कता या विकारात अनेक रोग्यांना असे आवाज ऐकू येतात. बाहेर ध्वनिलहरी नसते, तरी रोग्याला तो आवाज खराच वाटतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट डीगन यांना तरुणपणीच हा विकार जडला होता. त्यांनी 1990 नंतरच्या दशकात अशा आवाजांची ध्वनिफीत तयार केली. शिकणाऱ्याने ती कानाला लावून मुलाखत द्यावयाची, कोडी सोडवावयाची. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही असे खेळ दिले जातात. रोगी उशिरा उत्तर देतो तो हट्टाने किंवा मंदपणाने नव्हे, हे पुस्तकातून पाठ होते. खेळातून ते कळते. मग विद्यार्थी प्रश्न लहान ठेवतो आणि उत्तरासाठी थांबतो.

पण सावधान! अशा प्रयोगांचा आढावा 2011 साली घेण्यात आला. त्यात सहानुभूती वाढल्याचे दिसले, तसेच रोग्यापासून दूर राहण्याची इच्छाही वाढल्याचे दिसले. भीती वाटली, की माणूस मागे सरतो. म्हणून खेळानंतर शिक्षकांसह मोकळी चर्चा हवी, आणि हा विकार असूनही नीट जगणाऱ्या माणसांची भेटही हवी.

तुम्ही नळी बाजूला ठेवाल आणि खेळ संपेल. रोग्याला ती नळी दूर करता येत नाही.