बाहेरून कडीच नसलेली गाडी

पाऊस आला की एमजीएच्या मालकाची धांदल उडे. 1955 ते 1962 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेल्या या उघड्या रोडस्टरच्या दारांना ना वरखाली होणाऱ्या काचा होत्या, ना बाहेरून कडी. भर पावसात छत उभारायचं, सीटमागचे बाजूचे पडदे काढून दारांवर बसवायचे. आत शिरायचं तर पडद्याची झडप ढकलून हात घालायचा आणि दाराच्या आतली दोरी ओढायची. चोरांची सोयच म्हणा!

हे मूळ पावसाळी सामान पुन्हा उभं करणं चिकाटीचं काम. पडद्यांच्या धातूच्या चौकटी बऱ्याचदा वाचवता येतात. पारदर्शक प्लास्टिक मात्र उन्हानं पिवळं पडून तडकतं, ते बदलावंच लागतं.

खरी कसोटी छताची. व्हायनिलचं कापड थंडीत आखडतं, उबेत सैलावतं. म्हणून जाणकार कारागीर उबदार दिवस बघतात. आधी सांगाडा सरळ करायचा, मग कापड पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत ताणून खुणा करायच्या. बटणांची भोकं सगळ्यात शेवटी. एखादं जरा जरी सरकलं, तरी सुरकुती कायमची राहते.

एवढं करूनही मुसळधार सरीत मांडीवर थेंब पडतातच. गाडी नवी होती तेव्हाही पडायचे.