हास्ट खिंडीपलीकडचा पाऊस

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन घेऊन फिरणारे बरेच जण थेट क्वीन्सटाउन गाठतात. माझा आग्रह वेगळ्या वाटेचा आहे. क्राइस्टचर्चहून निघावं, तलावांच्या काठाने वानाकाला यावं आणि हास्ट खिंड ओलांडून पश्चिम किनाऱ्याला उतरावं. या बेटाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते या एका वाटेवर समजतं.

आधी टेकापो, मग पुकाकी. दोन्ही तलावांचं पाणी दुधाळ निळं. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळत जातात. ही पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, प्रकाश विखुरते आणि तलावाला तो रंग येतो. पुकाकीपलीकडे ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक. या भागात पाऊस बेताचा, गवत पिवळं. रात्रीचं आकाश तर इतकं काळंभोर की २०१२ मध्ये हा प्रदेश आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह ठरला. इथे एक रात्र गाडीतच काढावी.

वानाकानंतर रस्ता हावेआ तलावाच्या काठाने जातो आणि एका चिंचोळ्या पट्टीवरून पुन्हा वानाका तलावाकडे येतो. पुढची हास्ट खिंड जेमतेम ५६० मीटर उंच, पण ती उतरताना सगळंच पालटतं. टास्मान समुद्रावरून आलेले ढग सदर्न आल्प्सला अडतात आणि पश्चिम उतारावर रिकामे होतात. काही ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस! घाटमाथ्यावर धो धो आणि माणदेश कोरडा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथला भूगोल वेगळा समजवावा लागत नाही. झाडांवर शेवाळ, कड्यांवरून धबधबे, आणि ‘गेट्स ऑफ हास्ट’च्या घळीत प्रचंड धोंड्यांमधून फेसाळत जाणारी नदी. हा मार्ग उत्तरेकडच्या किनारी रस्त्याला जोडला गेला तो १९६५ मध्ये.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. एकपदरी पुलांवर मात्र सावध राहावं: पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला वाट द्यायची. फुकटच्या मुक्कामाची परवानगी असलेल्या जागांवरही बहुतेक ठिकाणी प्रमाणित गाडीच लागते; २०२३ च्या कायद्याने त्यासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला. व्हॅन ठरवतानाच हे विचारून घ्यावं. सांडपाणी नेमलेल्या डंप स्टेशनवरच सोडायचं. किनाऱ्यावर सँडफ्लाय कडकडून चावतात, तेव्हा मलम हाताशी हवं.

उत्तरेला पुनाकाइकी येथे चुनखडकाचे थर धिरड्यांच्या चळतीसारखे रचलेले आहेत. समुद्र आत घुसून खडकांतल्या भोकांतून कारंज्यासारखा उसळतो, पण त्यासाठी भरती हवी आणि लाटांना जोरही हवा. म्हणून वेळापत्रक पाहून आदल्या रात्रीच जवळच्या कॅम्पवर थांबावं आणि भरतीच्या आधी तिथे पोहोचावं.