नव्या गाणाराचा गळा

आमचा पेशा कामगार संघटनेचा. गाण्याच्या शास्त्रावर बोलावयास आम्ही कोठली पदवी घेऊन आलेलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत. तथापि गळा हे हत्यार आम्ही तीस वर्षे वापरले आहे, आणि एकदा ते मोडूनही बसलो आहोत. मोडलेल्या हत्याराविषयी कारागिरास दोन गोष्टी अधिक कळतात. तेवढ्याच अधिकारावर हा विषय घेतला आहे.

हकीकत थोडक्यात अशी. काही वर्षांपूर्वी एका संपात सतरा दिवस रोज दोन दोन द्वारसभा झाल्या. ध्वनिक्षेपक नव्हता. पाचव्या दिवशी आवाज बसला. लवंग झाली, ज्येष्ठमध झाले, हळदीचे दूध झाले. घोषणा मात्र चालूच. दोन महिन्यांनी घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले, तो स्वरतंतूंवर दोहो बाजूंस गाठी! डॉक्टरांनी विचारले, "आपण गाता काय?" आम्ही म्हणालो, "नाही, ओरडतो." ते हसून म्हणाले, "गळ्याला दोन्ही सारखेच. या गाठींना गायकांच्या गाठी असेच म्हणतात." शस्त्रक्रिया करावी लागली नाही. काही दिवस मौन आणि पुढे कित्येक महिने व्यायाम, एवढ्यावर आवाज परत आला. गंमत अशी की, ते व्यायाम गाण्याच्या पहिल्या धड्यांसारखेच होते. म्हणून पन्नाशीत आम्ही भजनी मंडळात जाऊन बसू लागलो, आणि तेथे पाहिले की, नवी मुलेही आमच्याच वाटेने चालली आहेत. नवशिक्याचा गळा मेहनत कमी पडल्याने क्वचितच बिघडतो; चुकीची मेहनत जास्त झाल्याने तो बिघडतो. आजच्या आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. आपल्या कंठात, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन लहान लवचिक पडद्या आहेत. त्यांना स्वरतंतू म्हणतात. खालून श्वास येतो, पडद्या मिटतात व उघडतात, आणि त्या कंपनातून स्वर निघतो. तोंड, नाक व घसा यांच्या पोकळ्या त्या स्वराला घुमारा देतात. हे प्रत्यक्ष पाहणारा पहिला मोठा संशोधक वैद्य नव्हता, गाणे शिकविणारा मास्तर होता. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ साली एक लहान आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून, स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी त्याने आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. हा गृहस्थ शंभराहून अधिक वर्षे जगला.

आता या पडद्यांची मजुरी मोजू. पुरुषाने पेटीच्या पांढरी एकचा सा लावला तर त्या सेकंदास सुमारे १३१ वेळा एकमेकींवर आदळतात. म्हणजे मिनिटास जवळजवळ आठ हजार वेळा. स्त्रीने पांढरी सहाचा सा लावला तर सेकंदास २२०, मिनिटास तेरा हजारांवर. जोर लावून गाइले म्हणजे प्रत्येक टोला अधिक जड पडतो. कुदळ धरणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडतात, तशाच येथे गाठी येतात. तळहाताचा घट्टा काम अडवीत नाही. गळ्यातला घट्टा पडद्या पुरत्या मिटू देत नाही, फटीतून वारा निसटतो आणि आवाज घोगरा होतो.

मग जोर लावावयाचा कोठे? आपल्या विष्णुपुरीच्या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. गोदावरीचे पाणी उपसून वर चढवितात ते पंपाच्या बळावर. नळ आवळून पाणी वर चढत नाही. गाण्यातला पंप म्हणजे श्वास, आणि त्याचे ठिकाण छातीच्या वर नसून खाली, पोट व बरगड्यांच्या तळाशी आहे. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील तर घेतलेला श्वास वरवरचा समजावा. पोट व कुशी हलकेच फुगाव्यात, आणि गाताना तो श्वास काटकसरीने सोडावा. याची परीक्षा सोपी आहे. एका श्वासात 'स्‌ऽऽ' असा सारखा आवाज सोडीत राहावे. आरंभी दहा सेकंद पुरतात. हळूहळू वीस-पंचवीसपर्यंत जावे. आवाज थरथरू लागला की थांबावे, ओढू नये.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक मात्र श्वासाची नाही, पट्टीची आहे. आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी गाण्याच्या वर्गाला जात असे. मुले-मुली मिळून वीस जणांस एकच पेटी, आणि पट्टी सर्वांना काळी पाच. रोज संध्याकाळी मुलीचा आवाज बसलेला. घरी येऊन ती भ्रमणध्वनीवर कराओके लावी. तेथे मूळ गायिकेची पट्टी. पोरीला वाटू लागले की, आपल्याला गळाच नाही. तिने वही बांधून ठेवली होती. आम्ही तिला दोन आठवडे गप्प बसविले आणि नंतर पांढरी पाचवर सा लावावयास सांगितले. महिन्याभरात आवाज मोकळा झाला. गळा तिला होताच, फक्त त्याच्यावर दुसऱ्याचे ओझे होते.

ही उंच पट्टीची हौस आली कोठून? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवावयाचे तर आवाज उंच व टोकदार लावणे भाग होते. त्या गरजेचा पुढे शिरस्ता झाला, आणि उंच पट्टी म्हणजेच तेज असा आपल्या कानांचा समज होऊन बसला. आता गल्लीतल्या भजनालाही ध्वनिक्षेपक असतो. ती गरज संपली आहे. आपली पट्टी ओळखण्याची रीत अशी: ज्या सा वरून खाली मंद्र पंचम आणि वर तार गंधार मान न ताणता लागतो, तो आपला सा. सामान्यतः पुरुषांस पांढरी एक ते काळी दोन, स्त्रियांस पांढरी पाच ते काळी पाच यांच्या आसपास तो सापडतो. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो; त्या काळात त्यांना उंच गाण्याचा आग्रह मुळीच करू नये. थोडे, खालच्या स्वरात आणि हलके गाऊ द्यावे.

यावर कोणी म्हणेल की, थोर गवयांनी अफाट मेहनत केली ती काय उगीच? मेहनत उगीच नव्हे. परंतु ती शरीर ओळखून करावी लागते. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत १९२५ साली आपले संगीत विद्यालय काढले. पलुस्करांच्या परंपरेतला हा माणूस आयुष्यभर आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास करीत राहिला, आणि 'आवाज साधना शास्त्र' हे पुस्तक त्याने लिहिले. त्यांचे शिष्य कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात, १९४७ च्या सुमारास, कुमारांना क्षय झाला. फुप्फुस अधू झाले. पाच-सहा वर्षे गाणे बंद. ते पुन्हा गावयास बसले तेव्हा लांब पल्ल्याचा श्वास नव्हता. जेवढा होता तेवढ्यात त्यांनी लहान लहान, नेमक्या स्वरवाक्यांचे गाणे उभे केले, आणि त्या गाण्याने सारा देश थक्क झाला. आपल्यापाशी नाही त्याचा हट्ट न धरता, आहे त्याची पुरी ओळख करून घेणे हीच त्यांची खरी मेहनत.

आता प्रत्यक्ष रियाज. बंधुभगिनींनो, आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला तो आळसाने नव्हे. थकलेल्या हातून काम बिघडते व अपघात होतो म्हणून. गळ्यालाही हाच कायदा लावा. नवशिक्याने सलग दोन तास बसू नये. वीस वीस मिनिटांच्या दोन बैठका पुष्कळ झाल्या. मांडी घालून पाठ सरळ ठेवावी, परंतु ताठरू नये. पेटीवर वाकून गाऊ नये. मान दुमडली की कंठ दबतो. पहिली पाच मिनिटे ओठ मिटून 'म्‌ऽऽ' असा गुंजारव करावा, किंवा ओठ फुरफुरवीत स्वर वर-खाली न्यावा. बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून स्वर काढण्याचाही एक व्यायाम आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी त्याचे मर्म उलगडून दाखविले: पुढचे तोंड अरुंद झाले की हवेचा दाब थोडा मागे येतो, पडद्यांना आधार मिळतो आणि त्यांचे आदळणे सौम्य होते. गुरव किंवा शास्त्री पहाटे ओंकार घोळवितात त्यात हीच सोय आहे.

त्यानंतर खर्ज. तंबोऱ्यावर, नसल्यास भ्रमणध्वनीतील तंबोऱ्यावर, सा लावून एकेक स्वर खाली उतरावे; जेथे आवाज दळू लागेल तेथून परत फिरावे. मग मध्य सप्तकातील साधे अलंकार, मध्यम आवाजात. तार सप्तक शेवटी व थोडे. गाऊन उठल्यावर बोलण्याचा आवाज पूर्वीइतकाच मोकळा असेल तर रियाज बरोबर झाला. घसा खवखवत असेल तर कोठेतरी चुकले. दुसऱ्या दिवशी पट्टी किंवा वेळ कमी करावा.

निगेच्या चार गोष्टी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. प्यालेले पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जाते. शरीरात मुरूनच ते तंतूंना ओलावा देते. म्हणून गाण्यापूर्वी घटाघटा एक तांब्या पिऊन भागत नाही. वारंवार खाकरण्याने पडद्या एकमेकींवर घासतात. त्याऐवजी आवंढा गिळावा. आवाज बसला असता कुजबुजणे ही विश्रांती नव्हे. मौन ही विश्रांती. थंडाव्याच्या गोळ्यांनी दुखणे झाकते, इजा भरत नाही. विडी-तंबाखूविषयी आम्ही वेगळे सांगावयास नको.

आणि एक गोष्ट आम्ही स्वतः चुकलो म्हणून आग्रहाने सांगतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर घरगुती औषधांवर दिवस काढू नका. आपल्या विष्णुपुरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. गाठ असेल तर लवकर कळलेली बहुधा व्यायामाने विरते. आणि क्वचित दुसरे काही गंभीर असेल तर लवकर कळणे हेच जीव वाचविणारे. १६ एप्रिल हा दिवस आता जगभर आवाजाचा दिवस म्हणून पाळतात. ब्राझीलमध्ये १९९९ साली त्याचा आरंभ झाला. वसंतातलाच हा दिवस; निदान त्या दिवशी तरी आपल्या गळ्याची विचारपूस करावी.

ती मुलगी आता आमच्या मंडळात गाते. परवा एका नव्या मुलाने पेटीवर हात ठेवून काळी पाच मागितली, तेव्हा तिनेच त्याला म्हटले, "आधी तुझा सा शोध." आम्हांस याहून अधिक काही सांगावयाचे नाही.