शाफ्ट बदलायचा की सवय?

पूलचं वेड लागलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा दिवस येतोच. स्वतःचा क्यू घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, बोनस नुकताच खात्यात पडलेला असतो आणि पार्लरमधलं कुणीतरी कानात सांगतं, ‘लो डिफ्लेक्शन शाफ्ट घे रे, गेमच बदलून जाईल!’ मग एक्सेल शीटच्या मागे हळूच शाफ्टच्या किमती उघडल्या जातात. अमेरिकेत चांगला कार्बन शाफ्ट पाचशे डॉलरच्या आसपास पडतो. म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर, कुरिअर आणि कस्टम्स वेगळं. एवढ्यात गोव्याच्या दोन-तीन ट्रिपा होतात, बॉस! म्हणून खिशात हात घालण्याआधी मी महिनाभर दोन्ही वापरून बघितले. एक माझा नेहमीचा साधा मेपलचा, दुसरा मित्राकडून उसना आणलेला लो डिफ्लेक्शन.

भानगड काय आहे?

पांढरा बॉल मधोमध मारलात तर तो सरळ जातो, शाफ्ट कोणताही असो. गंमत सुरू होते ती साइड दिल्यावर. बॉलच्या डाव्या अंगाला टिप लावली की बॉल क्यूच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे निघतो. हेच डिफ्लेक्शन. किंचित म्हणजे किती? समजा, दोन अंश. ऐकायला काहीच नाही. पण चार फूट अंतरावर याच दोन अंशांचे जवळपास पावणेदोन इंच होतात, आणि अख्खा बॉलच सव्वादोन इंचांचा असतो!

असं का होतं? टिप आणि बॉलची भेट असते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाची. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि टिपला बाजूला ढकलू पाहतो. लोकलच्या गर्दीत भरभक्कम काकांना धक्का दिलात तर तुम्हीच मागे जाता, हडकुळ्या पोराला दिलात तर तो सरकतो. इथेही तसंच. शाफ्टचं टोक जड असेल तर बॉल सरकतो, टोक हलकं असेल तर टोकच बाजूला होतं आणि बॉल आपल्या वाटेनं जातो. म्हणजे सगळा खेळ टिपपासूनच्या पहिल्या काही इंचांमधल्या वजनाचा. अख्खा क्यू जड की हलका, याचा इथे फारसा संबंध नाही.

नव्वदच्या दशकात प्रीडेटर या अमेरिकन कंपनीनं हेच वजन कमी केलं. मोसंबीच्या फोडींसारख्या लाकडाच्या फाका चिकटवून शाफ्ट बनवला आणि टोकाशी तो आतून पोकळ ठेवला. आता कार्बन फायबरचे शाफ्टही आलेत. पण एक लक्षात ठेवा. नाव ‘लो’ डिफ्लेक्शन आहे, ‘नो’ डिफ्लेक्शन नाही. साइड दिल्यावर निशाणा थोडा सरकवावा लागतोच, फक्त कमी.

मग साधा शाफ्ट टाकाऊ?

अजिबात नाही. विली मोस्कोनीनं १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला स्ट्रेट पूलमध्ये एका दमात ५२६ बॉल पॉकेट केले. २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ करेपर्यंत, म्हणजे तब्बल ६५ वर्षं, तो विक्रम उभा होता. मोस्कोनीच्या काळात लो डिफ्लेक्शन नावाची वस्तू बाजारातच नव्हती!

साध्या शाफ्टवर खेळणाऱ्याचा हात आणि डोळा निशाणा आपोआप सरकवून घेतात. शिवाय एक जुनी युक्ती आहे. आधी मधोमध निशाणा धरायचा, मग ब्रिजचा हात न हलवता फक्त मागचा हात सरकवून साइड द्यायची. ब्रिजचं अंतर जमलं तर क्यूचा तिरकेपणा आणि डिफ्लेक्शन एकमेकांना खाऊन टाकतात. साध्या शाफ्टवर हे अंतर सोयीचं असतं. लो डिफ्लेक्शनवर ब्रिज बराच मागे न्यावा लागतो, त्यामुळे ही युक्ती तिथे तशीच चालत नाही.

महिनाभरात काय दिसलं?

पहिले दहा दिवस साइडचे शॉट्स उलट्या बाजूनं हुकायला लागले. माझा हात नऊ वर्षांच्या जुन्या हिशेबानं निशाणा सरकवत होता आणि नव्या शाफ्टला तेवढ्याची गरजच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मात्र मजा आली. साइड देऊन मारलेले लांबचे शॉट्स खरंच सोपे वाटायला लागले. पण शुक्रवारी ऑफिसच्या गेम रूममध्ये हाऊस क्यू हातात घेतला आणि सगळं गणित पुन्हा फिसकटलं. आमच्या पार्लरचे मार्करकाका यावर एवढंच म्हणाले, ‘शाफ्ट दोन ठेवशील रे, पण अंदाज एकच असतो ना!’

लाख मोलाची बात! चाळीस हजार फक्त शाफ्टचे असतात, सवय मोडण्याची किंमत वेगळी.

तर मग कुणी काय घ्यावं?

* नुकतीच सुरुवात केलीय आणि स्वतःचाच क्यू घेऊन फिरता? लो डिफ्लेक्शन घ्या. मोडायला जुनी सवयच नाही.
* वर्षानुवर्षं साध्या शाफ्टवर खेळताय आणि बॉल जातोय? आहे तोच ठेवा. बदलायचाच असेल तर दोन महिने वाईट खेळायची तयारी ठेवा.
* बहुतेक वेळा हाऊस क्यूच हातात असतो? साधाच बरा.
* साइड क्वचितच देता? पैसे टेबलच्या तासांवर घाला. मधोमध मारताना दोन्ही शाफ्ट सारखेच.
* पावसाळ्याची काळजी वाटते? दमट हवेत लाकूड वाकू शकतं, कार्बनला ती भीती नाही.

घेण्याआधी उसना आणून एक टेस्ट कराच. दोन बॉल चार फुटांवर सरळ रेषेत ठेवा. क्यू जमेल तितका आडवा धरा, निशाण्याच्या रेषेला समांतर ठेवून बाजूला सरकवा, भरपूर साइड द्या आणि जोरात मारा. समोरचा बॉल किती कडेला लागतो ते दोन्ही शाफ्टवर बघा. जाहिरातीपेक्षा हे पाच मिनिटांत जास्त कळतं.

मी माझा मेपल ठेवला आणि त्याला नवी टिप बसवून घेतली. टीममधल्या ज्युनिअरला मात्र लो डिफ्लेक्शन घ्यायला सांगितलं. तो वैतागला, ‘दादा, स्वतः घेत नाही आणि मला खर्चात पाडतोस?’ म्हटलं, तू सहा महिन्यांपूर्वी खेळायला लागलास, तुला परवडेल. फक्त ऑर्डर देण्याआधी तुझ्या क्यूच्या जॉइंटची पिन कोणत्या मापाची आहे ते बघून घे. पिन जुळली नाही तर शाफ्ट बसणारच नाही.