सत्र, अनध्याय आणि नागपूरचा उन्हाळा

शैक्षणिक वर्षाचीं सत्रें पाडण्याची पद्धति इंग्रजी अमदानींत आली, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत अध्ययनवर्षाची विभागणी स्पष्ट दिलेली आहे. श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार मास वेदाध्ययन करावें. पौषांत अथवा माघ शुद्ध प्रतिपदेस उत्सर्जन करावें. त्यापुढें शुक्लपक्षांत वेद व कृष्णपक्षांत वेदांगें पठण करावीं, असा तो क्रम. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या या तिथि अनध्यायाच्या. साडेचार मासांचे पक्ष नऊ व तिथि १३५. दर पक्षास तीन याप्रमाणें २७ अनध्याय वजा जातां १०८ तिथि उरतात. नैमित्तिक अनध्याय निराळेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हल्लींच्या मानानें एका सत्रास ९० अध्यापनदिवस येतात. ‘सेमिस्टर’ या लॅटिनमूलक शब्दाचा अर्थ षण्मासिक. परंतु अध्यापन तेव्हांही पुरे सहा मास चालत नसे व आजही चालत नाहीं, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

आतां नागपूरकडे वळूं. येथील हिस्लॉप कॉलेज १८८३ त व मॉरिस कॉलेज १८८५ त निघालें. दोन्ही प्रथम कलकत्ता व पुढें अलाहाबाद विद्यापीठास जोडलेलीं असल्यामुळें त्यांच्या परीक्षांचें वेळापत्रक दूरदेशीं ठरे. १९२३ च्या ऑगस्टांत नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां हा निर्णय येथील विद्वानांच्या हातीं आला.

ऑक्सफर्डच्या मायकेलमस, हिलरी व ट्रिनिटी या तीन सत्रांस ख्रिस्ती सणांचीं नांवें आहेत. आमच्या शाळांचें पहिलें सत्र दिवाळीपाशीं संपतें. म्हणजे सीमा सणानें आंखावी, हें दोहोंकडे समान. नागपुरांत मात्र ऋतूचा शब्द शेवटचा. मे महिन्यांत पारा पुष्कळदां ४५ अंशांपलीकडे जातो, व पाऊस जूनच्या मध्याच्या सुमारास पोंचतो. म्हणूनच २०२५ सालीं इतर महाराष्ट्रांतील राज्यमंडळाच्या शाळा १६ जूनला उघडल्या, तर विदर्भांतील २३ जूनला.

हे सात दिवस विदर्भास दिलेली सवलत नव्हे. अवघ्या राज्यास एकच तारीख लावूं पाहणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, उपाकर्म श्रावणांत घालणाऱ्यांनींही आधीं आकाशाकडे पाहिलें होतें. आणि तापलेल्या वाटेनें शाळेस जावयाचें असतें तें लहान मुलांस.